आधी पगार बंद, मग चौकशी: हा क्रम उलटा करा

प्रति,
मा. मुख्यमंत्री,
मा. मंत्री व सचिव, सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग,
मा. मंत्री व सचिव, दिव्यांग कल्याण विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय: दिव्यांगांच्या मासिक अर्थसहाय्यात पडताळणीच्या नावाखाली होणारी कपात थांबवण्याबाबत.

महोदय,

गावाकडे या पैशाला कुणी 'अर्थसहाय्य' म्हणत नाही. 'निराधारचा पगार' म्हणतात, नाहीतर नुसतं 'संजय गांधी'. "संजय गांधी आलं का?" असं बँकेच्या दारात एकमेकांना विचारतात. पगार हा शब्द लोकांनी उगाच उचललेला नाही. जो महिन्याच्या महिन्याला येतो, ज्याच्या भरवशावर किराणावाला वही उघडतो आणि औषधवाला गोळ्या उधार देतो, तो पगार.

सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या योजनांतल्या दिव्यांगांची रक्कम १,५०० वरून २,५०० रुपये केली. ती आंदोलनं करून मिळाली, तरी मिळाली, आणि त्याबद्दल शासनाला श्रेय द्यायला आमची हरकत नाही. आमचं म्हणणं पुढचं आहे. रक्कम कमी केल्याचा शासन निर्णय निघालेला नाही, आणि तसा निर्णय काढण्याची गरजही पडत नाही. कपात होते ती 'त्रुटी', 'प्रलंबित', 'आधार संलग्न नाही' आणि 'हयात पडताळणी बाकी' या चार शेऱ्यांनी.

हिशोब साधा आहे. २,५०० रुपयांप्रमाणे वर्षाचे ३०,००० होतात. बारातले तीन महिने अडले आणि मागचे मिळाले नाहीत, तर महिन्याची सरासरी १,८७५ वर येते. पाच महिने अडले तर १,४५८. म्हणजे वाढीच्या आधी मिळत होते त्यापेक्षाही कमी. वाढ जाहीर झाली तेव्हा बातमी आली. या १,४५८ ची बातमी येत नाही, कारण प्रत्येकाचे पाच महिने वेगळे असतात आणि प्रत्येकाला वाटतं की चूक आपल्याच कागदात आहे.

हे पत्र लिहिणारे आम्ही म्हणजे ही रक्कम घेणारे दिव्यांग, त्यांचे पालक आणि त्यांचे अर्ज भरून देणारे कार्यकर्ते. यातला प्रत्येक शेरा कुठल्या टेबलावर पडतो आणि तो निघायला काय लागतं, हे आम्हाला पाठ आहे. म्हणून तक्रार मोघम करत नाही, टेबल-टेबल सांगतो.

सुरुवात आधारपासून, कारण सर्वांत जास्त पगार तिथे अडतात. रक्कम थेट खात्यात यायला लागली हे चांगलंच झालं, मधले हात गेले. पण 'आधार बँकेला जोडलं आहे' या एका वाक्याचे दोन अर्थ होतात. बँक शाखेने आधार क्रमांक खात्यावर नोंदवणं वेगळं आणि तो क्रमांक राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या मॅपरमध्ये त्या बँकेच्या नावाने चढणं वेगळं. शासनाचा पैसा दुसऱ्या नोंदीवर चालतो. शाखेत विचारलं की "जोडलंय" असं उत्तर मिळतं, तहसीलमध्ये विचारलं की "जोडलेलं नाही" असं मिळतं, आणि दोघंही खरं बोलत असतात! शिवाय मॅपरमध्ये शेवटी जी बँक चढली तिथेच पैसे जातात. कुणी मोबाइलवर नवं खातं उघडताना आधारला संमती दिली, की जुन्या खात्यातला पगार गुपचूप तिकडे वळतो. त्या माणसाच्या दृष्टीने पगार बंद झाला, शासनाच्या दृष्टीने पोहोचला.

ही स्थिती घरबसल्या पाहता येते, असं आम्हाला सांगितलं जातं. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते, पण त्याला ओटीपी लागतो, आणि ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो बहुतेकदा मुलाचा, पुतण्याचा किंवा शेजाऱ्याचा असतो. त्याने नंबर बदलला की दार बंद. नंबर बदलायचा तर बहुतेकदा आधार केंद्रावर स्वतः जाऊन बोट किंवा डोळा दाखवावा लागतो. कमरेखाली लुळं पडलेल्या माणसाला तालुक्याला न्यायचं म्हणजे रिक्षा, सोबत एक माणूस आणि त्या माणसाची बुडालेली मजुरी. एवढं करून कळतं काय, तर पैसे दुसऱ्या खात्यात गेले.

बोट आणि डोळा हा तर वेगळाच विषय. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकार मानले. त्यात कुष्ठरोगमुक्त व्यक्ती आहेत, ज्यांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात किंवा बोटंच नसतात. सेरेब्रल पाल्सी असलेले आहेत, ज्यांची मान आणि हात यंत्रासमोर स्थिर राहत नाहीत. अंध आहेत, ज्यांच्या डोळ्याची बुबुळं स्कॅनर वाचत नाही. आता मोबाइलवर चेहरा दाखवून हयातीची पडताळणी सुरू झाली. चेहरा चौकटीत धरा, डोळे मिचकवा, हलू नका. ज्याला चौकट दिसत नाही, ज्याच्या पापण्या मिटत नाहीत किंवा ज्याचं डोकं त्याच्या ताब्यात नाही, त्याने काय करायचं? ॲप तीनदा 'अयशस्वी' म्हणतं आणि पुढच्या महिन्यात माणूस यादीत दिसत नाही.

यावर सर्वोच्च न्यायालयाने बोललेलं आहे. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून प्रकरणातल्या निकालात न्यायालयाने डिजिटल सेवा मिळण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. डोळे मिचकावण्याला पर्याय द्या, अंगठा चालवून घ्या, कागदावरची केवायसी बंद करू नका, असे निर्देश दिले. त्याच्याही आधी, २४ ऑक्टोबर २०१७ ला, आधार प्राधिकरणाने परिपत्रक काढून ठेवलं आहे की बायोमेट्रिक जुळलं नाही म्हणून लाभ नाकारू नये, दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून नोंदवहीत लिहावं. ही नोंदवही कुठल्या तहसील कार्यालयात ठेवली आहे, ते आपण जाहीर करावं. आम्ही मागितली की टेबलावरचा माणूस आमच्याकडे असं बघतो जणू आम्ही मोडीतलं दप्तर मागतो आहोत.

खात्यांचंही एक सांगायला हवं. बौद्धिक दिव्यांग, स्वमग्न किंवा बहुविकलांग मूल १८ वर्षांचं झालं की त्याचं अज्ञान खातं बँक गोठवते. पुढे खातं चालवायला आईवडिलांना कायदेशीर पालकत्वाचं प्रमाणपत्र लागतं. ते राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती देते. समितीची बैठक होईपर्यंत, मग सुनावणी होईपर्यंत, मग प्रमाणपत्रावर सही होईपर्यंत पगार जमा होत असला तरी काढता येत नाही, किंवा जमाच होत नाही. आईबाप हयात आहेत, मूल त्यांच्याच ताटात जेवतं, आणि तरीही ते त्याचे पालक आहेत हे सिद्ध होईपर्यंत पैसे अडकून पडतात. मूल १८ चं कधी होणार हे प्रमाणपत्रावरच्या जन्मतारखेवरून अठरा वर्षं आधीच माहीत असतं. सहा महिने आधी पत्र पाठवायला कुणाची हरकत आहे?

दुसरी गोष्ट दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्राची, म्हणजे यूडीआयडीची. तत्त्व म्हणून ते आम्हाला मान्य आहे. प्रत्यक्षात काय होतं ते असं. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, रुग्णालय निवडणं, बोलावण्याची वाट पाहणं, बोर्डाच्या ठरलेल्या दिवशी हजर होणं, तपासणी, मग कार्ड. श्रवणदोष असेल तर ऑडिओमेट्री आणि शंका आली तर बेरा चाचणी लागते. बौद्धिक दिव्यांगत्व असेल तर मानसशास्त्रज्ञ लागतो. तो त्या दिवशी नसला की पुढची तारीख. ज्यांच्याकडे एसएडीएमचं, म्हणजे राज्याच्या आधीच्या संगणक प्रणालीतलं, जुनं प्रमाणपत्र आहे त्यांचं नवीन पद्धतीत आणताना नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख किंवा दिव्यांगत्वाचा प्रकार जुळला नाही की पुन्हा पहिल्यापासून.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने नियम बदलून प्रमाणपत्र देण्याची मुदत एका महिन्यावरून तीन महिने केली. शासनाला एका कागदावर सही करायला तीन महिने हवेत, हे एकवेळ समजून घेऊ. पण मग तोच कागद आणायला दिव्यांग माणसाला तीन महिन्यांपेक्षा कमी मुदत देऊन त्याचा पगार कसा थांबवता येतो? हा प्रश्न आम्ही अनेक टेबलांवर विचारला आहे. उत्तर म्हणून 'वरून आदेश आहेत' एवढंच मिळतं. म्हणून वरच विचारतो आहोत.

बोगस प्रमाणपत्रं आहेत. ती नाहीत असं म्हणणारा माणूस या क्षेत्रात काम केलेला नाही. पण बोगस माणूस कशासाठी बोगस होतो, याचा विचार करा. नोकरीतलं आरक्षण, बदलीतली सवलत, वैद्यकीय प्रवेश, अशा ठिकाणी. तिथे एका प्रमाणपत्राची किंमत लाखांत आहे. महिन्याला २,५०० रुपयांसाठी पन्नास हजारांच्या आतलं उत्पन्न दाखवून वर्षानुवर्षं तहसीलच्या पायऱ्या चढणारा माणूस हा त्या टोळीतला शेवटचा. पडताळणी मात्र त्याच्यापासून सुरू होते, कारण तो विरोध करत नाही. बनावटगिरीसाठी २०१६ च्या कायद्यात कलम ९१ आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ते वापरा, आणि ते फक्त घेणाऱ्यावर नको, प्रमाणपत्रावर सही करणाऱ्याची आणि मधल्या दलालाचीही चौकशी करा. आणि कापलेला पाय पुन्हा उगवत नाही, एवढं लक्षात ठेवून कायमस्वरूपी दिव्यांगत्व असलेल्यांना दर काही वर्षांनी बोर्डापुढे उभं करणं बंद करा.

इथे एका गटाचं विशेष सांगावं लागेल. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे रक्ताचे आजार २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वात आले. गडचिरोली आणि नंदुरबार पट्ट्यात सिकलसेल म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. या माणसाला तपासणीच्या दिवशी पाहिलं तर तो धडधाकट दिसतो. वेदनेचा झटका आला की तोच माणूस आठवडाभर उठत नाही. मानसिक आजारातही असंच. पडताळणीला गावात आलेला कर्मचारी डोळ्यांनी पाहून 'दिव्यांग दिसत नाही' असा शेरा मारत असेल, तर तो शेरा त्याच्या अधिकारात बसत नाही. दिव्यांगत्व ठरवायचा अधिकार वैद्यकीय प्राधिकाऱ्याचा आहे, आणि त्याविरुद्ध अपील कुठे करायचं हेही कायद्याने कलम ५९ मध्ये सांगितलं आहे.

तिसरी गोष्ट उत्पन्नाची मर्यादा. ही आम्हाला सर्वांत जास्त खुपते.

दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. चौघांचं घर धरलं तर माणशी दिवसाला ३४ रुपये. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०२५-२६ साठी ३१२ रुपये होता. या दराने घरातल्या एकाने १६१ दिवस काम केलं की कुटुंबाचं उत्पन्न ५०,२३२ होतं आणि घरातला दिव्यांग अपात्र ठरतो. म्हणजे शासनानेच ठरवलेल्या किमान दराने वर्षातले निम्मे दिवससुद्धा राबलं नाही तरच शासनाची मदत मिळते. याचा परिणाम काय होतो ते आपणही जाणता. तलाठ्याकडे उत्पन्नाचा खोटा आकडा लिहून घ्यावा लागतो. प्रामाणिक तलाठी पन्नास हजारांच्या आतला दाखला द्यायला कचरतो, कारण उद्या चौकशी झाली तर मान त्याची. शासनाने दोघांनाही खोटं बोलायला लावलं आहे.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत हीच मर्यादा अडीच लाख आहे. त्या बहिणींना मिळतात याचं आम्हाला अजिबात वाईट वाटत नाही, त्यांतल्या कितीतरी आमच्याच घरातल्या आहेत. पण ज्या घरात चालू न शकणारं माणूस आहे, ज्याच्यामागे दुसऱ्या माणसाची मजुरी बुडते, त्या घराने त्यांच्यापेक्षा पाचपट गरीब असावं अशी अट का? कायद्याचं कलम २४ म्हणतं की दिव्यांगांना मिळणारी मदत तशाच इतर योजनांपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावी. रकमेत आपण ते पाळलं. पात्रतेची दारं मात्र पाचपट अरुंद ठेवली.

आणखी एक बारीक खाच आहे. वर्षाचे ३०,००० ही मदतीची रक्कमच कुणी उत्पन्नात धरली, तर घरात दोन दिव्यांग असलेलं कुटुंब ६०,००० वर जाऊन अपात्र ठरतं. ती धरायची नाही, असं स्पष्ट लिहिलेलं पत्र प्रत्येक तलाठी कार्यालयात लावलेलं असायला हवं. आज ते ज्याच्या-त्याच्या समजुतीवर आहे.

चौथं, नोंदीचा वर्ग. वाढ फक्त दिव्यांगांना आहे, इतर लाभार्थ्यांना १,५०० च. त्यामुळे यादीत तुमच्या नावापुढे 'दिव्यांग' लिहिलं आहे की दुसरं काही, यावर महिन्याचे हजार रुपये अवलंबून आहेत. दिव्यांग असलेल्या विधवेचं नाव दहा वर्षांपूर्वी 'विधवा' या वर्गात चढलं असेल तर तिला १,५०० च येणार. वयाची ६५ वर्षं झाली की नाव संजय गांधीतून श्रावणबाळमध्ये जायचं. त्या प्रवासात दिव्यांग ही खूण मागे राहिली तर २,५०० चे १,५०० होतात. पासष्टाव्या वर्षी दिव्यांगत्व वाढतं, कमी होत नाही. या दुरुस्तीसाठी नवा अर्ज मागितला जातो, आणि नवा अर्ज म्हणजे नवा उत्पन्नाचा दाखला, नवा रहिवास, पुन्हा समितीची बैठक. खरं तर ही एका रकान्याची दुरुस्ती आहे.

मग येतो सर्वांना एकच दर हा विषय. ४० टक्के दिव्यांगत्वाला २,५०० आणि १०० टक्क्यांनाही २,५०० च. मणक्याला इजा झालेल्या माणसाचा खर्च पाहा. लघवी स्वतःहून होत नसेल तर दिवसातून चार ते सहा वेळा कॅथेटर. शौचावर ताबा नसेल तर दिवसाला तीन डायपर, महिन्याला नव्वद, एक ३५ रुपयांना धरला तरी ३,१५०. म्हणजे पगार डायपरलाच पुरत नाही, कॅथेटर, हातमोजे, जखमेची मलमपट्टी राहिलीच. पगार थांबला की पहिल्यांदा काय होतं? एकच कॅथेटर धुऊन धुऊन पुन्हा वापरला जातो. मूत्रमार्गाला संसर्ग होतो, ताप चढतो, मूत्रपिंडापर्यंत जातो. डायपर दिवसाला तीनऐवजी एक होतो, ओल्या कातडीवर बसून बसून जखम पडते, ती हाडापर्यंत उतरते. मिरगी असलेल्या मुलाच्या गोळ्या अचानक बंद झाल्या की झटके उलट जोराने येतात. त्या मुलाला सरकारी रुग्णालयात दाखल केल्यावर शासनाचा जो खर्च होतो, त्यात कितीतरी महिन्यांचा पगार बसला असता. हा साधा व्यवहार आहे.

म्हणूनच कायद्याने कलम २४ मध्ये निवृत्तिवेतनाच्या शेजारी वेगळा काळजीवाहू भत्ता सांगितला आहे, ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी. आणि कलम ३८ मध्ये तो जास्तीचा आधार कसा मागायचा तेही. ही दोन्ही कलमं १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहेत.

केंद्राविषयी थोडक्यात. इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतनात केंद्राचे ३०० रुपये येतात, तेही दारिद्र्यरेषेखालच्या आणि ८० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांनाच. हे ३०० रुपये २०१२ पासून हललेले नाहीत. ग्राहक किंमत निर्देशांकाचं पायाभूत वर्षही २०१२ च होतं, तेव्हा १००, आणि २०२५ मध्ये तो १९० च्या वर होता. त्या तीनशेची किंमत आज दीडशेच्या आसपास उरली. राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रमाची तरतूद २०२४-२५ मध्ये ९,६५२ कोटी होती, २०२५-२६ मध्येही ९,६५२ कोटीच. न वाढवणं हीसुद्धा कपातच असते, फक्त तिला तारीख नसते. आणि ८० टक्क्यांची रेघ तर अशी आहे की मध्यम स्वरूपाच्या बौद्धिक दिव्यांगत्वाला मोजमापात ७५ टक्के मिळतात, गुडघ्याखाली पाय कापलेल्या माणसालाही ८० गाठता येत नाहीत. हे दोघंही केंद्राच्या हिशोबात दिव्यांग नाहीत. राज्य त्यांना आपल्या पैशातून देतं, हे मान्य. पण 'केंद्राचा विषय' म्हणून हात झटकू नयेत. घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतली ९ वी नोंद वाचा: दिव्यांग आणि काम करू न शकणाऱ्यांना साहाय्य. विषय राज्याचा आहे.

राज्यातच पाहिलं तरी हा विषय चार दारांत वाटला गेला आहे. ३ डिसेंबर २०२२ ला महाराष्ट्राने वेगळा दिव्यांग कल्याण विभाग काढला, त्याचा आम्हालाही अभिमान वाटला. पण पगार देतो सामाजिक न्याय विभाग, यादी ठेवतो महसूल, प्रमाणपत्र देतो आरोग्य विभाग, आणि दिव्यांग कल्याण विभागाकडे तक्रार घेऊन गेलं की "हे आमच्याकडे येत नाही" असं ऐकावं लागतं. नावात दिव्यांग असलेल्या विभागाकडे दिव्यांगांच्या पगाराची कळच नाही. तक्रार फिरत राहते, आणि तोवर महिने उलटतात.

ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत स्वउत्पन्नातल्या दिव्यांगांसाठीच्या ५ टक्के निधीबद्दल या पत्रात लिहीत नाही. तो मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कसा खर्च होतो, यावर वेगळं पत्र लागेल.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. यातल्या पहिल्या पाचांना एक रुपयाही जास्तीचा लागत नाही, फक्त आदेश लागतात.

१. पडताळणी करा, पण पगार चालू ठेवून. कुणाचंही नाव थांबवण्याआधी कारण लिहिलेली नोटीस घरी द्या, अंध व्यक्तीला ती वाचून दाखवा आणि तशी नोंद घ्या. उत्तराला किमान ९० दिवस द्या, म्हणजे जेवढे दिवस शासनाने प्रमाणपत्रासाठी स्वतःला घेतले तेवढेच.

२. तांत्रिक कारणाने थांबलेले सर्व महिने फरकासह द्या. खातं, आधार, हयात किंवा नावातला फरक ही चूक सुधारली की त्या महिन्यापासून नव्हे, बंद झालेल्या महिन्यापासून.

३. बायोमेट्रिक किंवा चेहरा जुळत नसलेल्यांसाठी प्रत्येक तहसीलमध्ये अपवाद नोंदवही ठेवा. तलाठी, ग्रामसेवक, आशा किंवा अंगणवाडी सेविका यांच्यापैकी कुणीही घरी जाऊन हयातीचा दाखला देऊ शकेल असं स्पष्ट करा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुठेही बोलावू नका.

४. दर महिन्याला गावनिहाय यादी चावडीवर आणि ग्रामपंचायतीत लावा: किती जणांना दिले, किती जणांचे थांबले, कुठल्या कारणाने. नावं नकोत, गोपनीयता राहू द्या, आकडे आणि कारणं पुरेत. यादीत 'दिव्यांग' वर्गात नसलेल्या दिव्यांगांच्या दुरुस्तीसाठी एक पानी अर्ज करा आणि त्यासोबत फक्त यूडीआयडी मागा.

५. मदतीची रक्कम कुटुंबाच्या उत्पन्नात धरायची नाही, असं शुद्धिपत्रक काढा. १८ पूर्ण होणाऱ्या बौद्धिक दिव्यांग मुलांच्या पालकांना सहा महिने आधी सूचना द्या आणि स्थानिक स्तर समितीची बैठक दर महिन्याला घ्या.

६. उत्पन्नाची मर्यादा ५०,००० वरून किमान अडीच लाख करा.

७. ८० टक्क्यांच्या वरच्या आणि कलम ३८ खाली जास्त आधाराची गरज असलेल्या व्यक्तींना काळजीवाहू भत्ता वेगळा द्या. पगारातून नाही, पगारावर.

८. सर्व मासिक रकमा महागाई निर्देशांकाला बांधा, दरवर्षी एप्रिलमध्ये आपोआप वाढतील अशा. दर काही वर्षांनी उपोषण करून हजार रुपये मागायची वेळ कुणावर आणू नका. केंद्राच्या ३०० रुपयांबाबत आणि ८० टक्क्यांच्या अटीबाबत विधिमंडळात ठराव करून पाठवा.

९. तक्रारीसाठी एकच दार ठेवा, आणि ते दिव्यांग कल्याण विभागाचं असू द्या. महसूल, आरोग्य आणि सामाजिक न्याय यांच्यातला पत्रव्यवहार आपसात करा, तो आमच्या हातून करून घेऊ नका.

पहिल्या पाच मागण्यांवर एका महिन्यात लेखी उत्तर मिळावं, ही विनंती. उत्तर मराठीत असावं, अंध व्यक्तीला स्क्रीन रीडरवर ऐकता येईल अशा मजकुराच्या स्वरूपात असावं, स्कॅन केलेल्या चित्राच्या स्वरूपात नसावं. गेल्या खेपेला चित्रच आलं होतं.

आपले,
महाराष्ट्रातील दिव्यांग व्यक्ती, त्यांचे पालक आणि त्यांचे अर्ज भरून देणारे कार्यकर्ते

प्रत माहितीसाठी: मा. आयुक्त, दिव्यांग कल्याण, पुणे, सर्व जिल्हाधिकारी, सर्व तहसीलदार, संजय गांधी योजना शाखा.